चालतं टोक

मालकीणबाईंनी डावा हात उजव्या हातानं मनगटाशी धरला आणि दुसऱ्याचं गाठोडं उचलावं तसा खांद्यापर्यंत वर नेला.

"सोडा त्याला," शिक्षिका म्हणाली. "त्याचा तो येऊ दे वर."

"त्याचा तो येत असता तर मी इथे झक मारायला आले असते का?"

शेजारी कुणीतरी खुदकन हसलं. शिक्षिका हसली नाही. काडीसारखी बाई, पण पाय जमिनीत पुरल्यासारखे. तिनं स्वतःचे हात समोर आणले आणि पाण्यातून वर यावेत तसे सावकाश तरंगवले. दालनातल्या सगळ्यांनी तसंच केलं. ज्यांचे तरंगले त्यांचे तरंगले, बाकीच्यांचे लोंबकळले.

दवाखान्यामागचं लांबट दालन, भिंतीशी खुर्च्या, उंच खिडक्या, आणि प्रत्येक खुर्चीपुढे अंगावरून वारं गेलेलं एकेक माणूस. औषधं झाली होती, मालिश झाली होती. आता डॉक्टरांनी हे नवं काढलं होतं. ताई ची, संथ चिनी व्यायाम. पहिल्या दिवशी नाव ऐकून मालकीणबाईंनी सुनेला विचारलं होतं, "कुणाच्या ताईची?" आणि व्यायाम बघितल्यावर म्हणाल्या होत्या, "आधी वाऱ्यानं आडवं पाडलं, आता त्याच वाऱ्याला गोंजारत बसा म्हणे." डावा हात गेला होता, डावा पाय अर्धामुर्धा गेला होता, जीभ तेवढी शाबूत होती. "तिच्या वाटेला जायची वाऱ्याचीसुद्धा छाती झाली नाही," असं त्यांच्या लाँड्रीतल्या बायका आपसात म्हणाल्या होत्या. ते मालकीणबाईंच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

त्यांच्या कमरेला जाड पट्टा होता आणि पट्ट्याचं मागचं टोक सुनेच्या मुठीत. बाजाराला आणलेल्या गाईसारखं. सून पाठीमागे उभी राही, तोल गेला तर सावरायला. ती बोलत नसे. ती कधीच फार बोलत नसे.

"आता जोड्या," शिक्षिका म्हणाली.

मालकीणबाईंच्या वाट्याला ड्रायव्हर येई. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्याची उजवी बाजू गेली होती, आणि त्याचा उजवा पाय पुढे टाकायला सांगितला की जागच्या जागी खाली दाबला जाई. "ब्रेक लागतोय," तो म्हणे आणि स्वतःच हसे. दोघांनी मनगटाला मनगट टेकवायचं. एकानं पाऊल टाकून पुढे यायचं, दुसऱ्यानं अडवायचं नाही, अंग सैल सोडून त्याच्याबरोबर मागे जायचं. मग उलट.

मालकीणबाईंची पुढे जायची पाळी आली की गाडं अडे. त्या पाय रोवून उभ्या राहत आणि ड्रायव्हरचं मनगट आपल्याकडे खेचत.

"अहो बाई, ओढताय काय मला? मी काय ओला टॉवेल आहे पिळायला?"

"टॉवेल बरा. तो तोंड बंद ठेवतो."

शिक्षिका जवळ आली. तिनं मालकीणबाईंच्या डाव्या गुडघ्यामागे दोन बोटं टेकवली. "इथे अडतंय तुमचं. ताकद आली आहे पायात, तुम्ही वापरत नाही. दर वेळी समोरच्याला ओढून घेता. एक पाऊल टाका. तुम्ही जा त्यांच्याकडे."

"मी कुणाकडे जात नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "लोक माझ्याकडे येतात."

सगळे हसले. पाठीमागे पट्टा किंचित ताणला गेला आणि पुन्हा सैल झाला.

यात बढाई नव्हती. लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एकीनं खांबापाशी उभं राहायचं, जागा सोडायची नाही. चादरीला झटका देऊन ती ताठ करायची. दुसरीनं आपले कोपरे घेऊन तिच्याकडे चालत यायचं, ते तिच्या हातात द्यायचे, वाकून खाली लोंबती दुमड उचलायची, मागे जायचं, पुन्हा यायचं. उभं टोक आणि चालतं टोक. उभं टोक मालकीणबाईंचं, नवरा होता तेव्हापासूनचं. खांबाजवळची एक फरशी त्यांच्या टाचांनी झिजून आरशासारखी झाली होती. त्यांना शाळा ठाऊक नव्हती, सही करायची तर जीभ बाहेर काढून करावी लागे, पण त्यांनी दिलेल्या झटक्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाई. बायका त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणत. ताठ, आणि जवळ गेलं की चटका.

चालतं टोक ज्याच्या त्याच्या वाट्याला येई. पण सगळ्यांत जास्त वर्षं ते सुनेनं धरलं होतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात धरलं होतं. इतक्या वर्षांत मालकीणबाई तिच्याशी जे काही बोलल्या, त्यातलं निम्मं बोलणं एका शब्दाचं होतं.

"कोपरा!"

म्हणजे कोपरा खाली गेलाय, वर घे.

*

घर लाँड्रीच्या वरच होतं. पूर्वी याचा मालकीणबाईंना अभिमान होता. जिना उतरला की दुकान. आता जिन्याच्या तोंडाशी फाटक होतं.

तेही त्यांनीच करून घेतलेलं. नातू रांगायला लागला तेव्हा सुताराला बोलावून त्यांनी उभ्या उभ्या माप दिलं होतं. लाकडी गज, आणि मुलाला उघडता येऊ नये अशी युक्ती: एका हातानं वरचा खटका दाबायचा आणि दुसऱ्या हातानं फाटक उचलायचं. नातू शिकायला दूर गेला, फाटक माळ्यावर गेलं. मालकीणबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा मुलानं ते खाली काढून पुसून पुन्हा बसवलं होतं.

"तुझ्या भल्यासाठीच आहे ना आई," तो म्हणाला होता. "जिन्यावरून पडलीस म्हणजे?"

"माझ्या भल्याला कडी लागते होय रे?"

"आता आराम कर. आयुष्यभर केलंस की. खालचं आम्ही बघतो."

'खालचं आम्ही बघतो' हे वाक्य त्यांना वाऱ्यापेक्षा जास्त लागलं. मुलगा दिवसभर गाडी घेऊन हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे पोचवत हिंडे. खालचं बघणारं 'आम्ही' म्हणजे कोण, ते न कळायला त्या दुधखुळ्या नव्हत्या.

दिवस लांब होते. पलंग, खुर्ची, खिडकी, न्हाणीघर, पुन्हा खुर्ची. खिडकीतून समोरची भिंत दिसे आणि भिंतीवरचा पाइप. सूनच वर-खाली करी. औषध देई, अंघोळ घाली, जेवण वाढी, आणि फाटक लावून जाई. उघडताना ती फाटकाला आधी अंग टेकवून रेले, आणि मगच हात चालवी. मालकीणबाई ते रोज बघत आणि रोज मनात म्हणत, बघा कशी रेलते, जन्माची आळशी.

सून खाली असे तेव्हा त्या स्वतः खटपट करत. उजव्या हातानं खटका दाबून डाव्या हाताची बोटं गजात अडकवत आणि जीव खाऊन खेचत. फाटक हलत नसे. बोटंच सुटून येत, वाळत घातलेल्या मोज्यांसारखी. मग त्या खुर्चीत बसून दम खात, आणि पुन्हा उठून शिक्षिका सांगे ते ढग, ते पाणी, ते तरंगणं करत. तिच्या शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण फाटक उघडायला दोन हात लागतात, आणि दुसरा हात मिळवण्याचा दुसरा रस्ता कुणी दाखवला नव्हता. ज्या दिवशी हा हात फाटक उचलेल त्या दिवशी खांबापाशी जाऊन उभी राहीन, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दुसरी कडी लागली असती.

आणि खालून आवाज येत. यंत्रांची घरघर, वाफेचा फुस्कारा, आणि झटके. झटक्यावरून हात ओळखणं हा त्यांचा विरंगुळा होता. हा लपलपीत, पोरकट. हा जाडीचा; जाडी म्हणजे घड्या घालणारी जुनी बाई, तिचा झटका तिच्यासारखाच, दणकट पण उशिरा येणारा. आणि मग एके दिवशी दुपारी एक झटका आला आणि मालकीणबाईंचा घास हातातच राहिला.

फट्.

स्वच्छ, कोरडा, एकाच ठिकाणी सुरू होऊन तिथेच संपणारा. पुन्हा आला. पुन्हा. एकही वाया नाही. तो त्यांचाच झटका होता, आणि त्या वर बसून जेवत होत्या.

संध्याकाळी सून औषध घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. चालत्या टोकाच्या बायकांच्या चपला पुढून झिजतात. सुनेच्या चपला टाचेला झिजू लागल्या होत्या.

"खांबापाशी कोण असतं हल्ली?"

"कुणीतरी उभं राहावंच लागतं ना, आई."

"मी कोण असतं विचारलं."

सुनेनं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पेला पुढे केला. "मी," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी गोळी गिळली. पाणी जास्तच प्यायल्या.

*

जाडीच्या लेकीचे दिवस भरले आणि जाडी रजेवर गेली. त्याच सकाळी मोठ्या दवाखान्याच्या चादरींची गाडी उतरली. मुलगा ती उतरवून लगेच दुसऱ्या फेरीला निघून गेला. बाकीच्या बायका यंत्रांवर अडकल्या होत्या. हे सगळं मालकीणबाईंना कुणी येऊन सांगितलं नाही. ते त्यांनी वरून ऐकलं.

मग त्यांना झटके ऐकू येईनात. फरफट ऐकू आली. कुणीतरी चादरीचं एक टोक टेबलाच्या कडेला अडकवून एकट्यानं घडी घालत होतं. चादर सुटत होती, जमिनीला लागत होती. थांबणं, उचलणं, पुन्हा अडकवणं.

"असं करून उद्या सकाळ उजाडेल," त्या भिंतीला म्हणाल्या.

त्या उठल्या, फाटकापाशी गेल्या. उजवा हात खटक्यावर, डावी बोटं गजात. खेचलं. नेहमीसारखंच. पुन्हा खेचलं. खालून चादर पडल्याचा कोरडा, पण जड आवाज आला, आणि त्यांना सुनेचं ते रेलणं आठवलं. आळस कसला, ती फाटकाला पुढे लोटत होती. लाकूड फुगलं होतं. दाबून पुढे लोटल्याखेरीज खटका सुटणारच नव्हता. आणि आपण मात्र इतके दिवस ओढतोय. जन्मात दुसरं केलंय काय!

त्यांनी डावं पाऊल पुढे टाकलं. आधी टाच, मग चवडा, मग त्यावर अंगाचा भार, दालनात रोज सांगत तसा. दालनात तो भार कधी त्यांनी जाऊ दिला नव्हता. आता दिला. फाटक पुढे दबलं, खटका टक् म्हणाला, आणि डावा हात उचलण्याचं काम करतोय हे त्यांना फाटक वर आल्यावर कळलं.

जिना त्या कठड्याला धरून उतरल्या. कठडा उतरताना उजव्या हाताला होता. शेवटच्या पायरीवर त्यांच्या ध्यानात आलं की चढताना तो डाव्या हाताला येणार. डावा हात फाटक उचलेल, पण अंग वर ओढून न्यायचा नाही. म्हणजे वर जायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागणार.

"ते पुढचं पुढे," त्या पुटपुटल्या.

सून खांबापाशी होती, झिजलेल्या फरशीवर. पाठमोरी. केस मानेला चिकटलेले, खांदे पुढे आलेले. टेबलाच्या कडेला चादर अडकवून ती एकटीच ताणत होती. वळली तेव्हा तिच्या हातातून कोपरा सुटला.

"आई! फाटक कुणी उघडलं?"

"मी. हातानं उघडतात फाटक. दातानं नाही."

सुनेनं जिन्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे, मग कमरेकडे. पट्टा नव्हता. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मग तिनं ती फरशी सोडली, नवी चादर उचलली आणि चालतं टोक धरून लांब जाऊन उभी राहिली. सवयीनंच. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मालकीणबाई आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. टाचा बरोबर त्या खळग्यात बसल्या. कोपरे हातात घेतले, श्वास घेतला आणि झटका दिला.

उजवं टोक गेलं, डावं सुटलं. चादर एका बाजूनं फडफडत जमिनीवर पडली.

सुनेनं ती गोळा करून धुण्याच्या टोपलीत टाकली. दुसरी आणली. मालकीणबाईंनी डाव्या मुठीला कोपऱ्याचा पीळ दिला, दात आवळले, झटका दिला. पीळ सुटला, चादर पडली. सून टोपलीपर्यंत गेली, आली. तिसरी तिनं उलगडली नाही. छातीशी धरून उभी राहिली आणि खाली बघत राहिली.

यंत्रांपाशी कुणीतरी हात थांबवून बघत होतं. मालकीणबाईंनी तिकडे एक नजर टाकली. हात पुन्हा सुरू झाले.

मग त्या खळग्यातून निघाल्या. टाच, चवडा, भार. खांबापासून त्या टोकापर्यंत जागा फार नव्हती, पण इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी चालून पाहिली नव्हती.

"हो तिकडे," त्या म्हणाल्या. "खांबाला."

"आई, या टोकाला चालावं लागतं."

"मग? एवढे दिवस पट्ट्याला धरून मला काय नाचायला नेत होतीस?"

सून खांबापाशी जाऊन उभी राहिली. चादर उलगडली. झटका आला, तो कोरडा, स्वच्छ झटका. मालकीणबाईंनी तो अडवला नाही. हात सैल सोडले, अंग त्याच्याबरोबर किंचित पुढे जाऊ दिलं. कोपरा मुठीत राहिला. ड्रायव्हर बघायला हवा होता, त्यांच्या मनात आलं. टॉवेल म्हणाला असता मला.

मग त्या निघाल्या. हात वर, पाऊल पुढे. अर्ध्या वाटेत डावा हात पाण्यात बुडावा तसा हळूहळू खाली जाऊ लागला, आणि त्यांना ते कळलं नाही.

"कोपरा!"

सुनेची नजर कापडावर होती. शब्द तिच्या तोंडून निघून गेला, त्याच्या सगळ्या धारेसकट, आणि मग तिला कळलं कुणाला म्हणाली ते. तिची हनुवटी हलली. पण नजर वर आली नाही.

मालकीणबाई थांबल्या होत्या. चालत येणाऱ्या माणसाला समोरचा चेहरा सबंध वाटभर दिसतो. उभ्या टोकाला फक्त कापड दिसतं. समोर एक बाई होती, ओठ आवळलेली, कपाळाला आठी, जिला आपल्याकडे येणारं माणूस दिसत नव्हतं. त्याचे दोन कोपरे दिसत होते. हा चेहरा त्यांनी कधीच पाहिला नव्हता. सून मात्र तो त्यांच्या तोंडावर रोज पाहत आली होती.

त्यांनी डावा कोपरा वर घेतला, उजव्याच्या पातळीत आणला. बाकीची वाट चालल्या आणि कोपरे सुनेच्या बोटांत दिले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "खालीच गेला होता."

आता वाकायचं होतं. दुमड गुडघ्याच्या खाली लोंबत होती. त्या वाकल्या, डावा गुडघा थरथरला. सुनेचे दोन्ही हात चादरीत अडकलेले होते. ते सोडवता आले असते. तिनं सोडवले नाहीत. तिनं श्वास रोखला आणि वाट पाहिली. मालकीणबाईंची बोटं दुमडीला लागली, चिमटीत आली, वर आली. सुनेनं श्वास सोडला.

घडी तिरपी झाली होती. मालकीणबाईंनी ती टेबलावर ठेवली, एकदा पाहिली. अशी घडी कुणी आणली असती तर त्यांनी ती तिच्या तोंडावर मारली असती.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

सुनेनं कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ लावला. "उलगडा," ती म्हणाली. "पुन्हा घालू."

यंत्रांपाशी कुणाच्या तरी हातून हँगर पडला. मालकीणबाईंच्या ओठांची एक कड वर गेली. ती उजवी होती, वर जाणारी तीच तेवढी उरली होती. त्यांनी घडी उलगडली, आपले कोपरे घेतले आणि मागे मागे जाऊ लागल्या.

ढीग चढू लागला, हळू, पण सरळ. उन्हं दारातून आत आली. बाहेर गाडी थांबली, दार आपटलं, आणि मुलगा रिकाम्या टोपल्या घेऊन आत आला तो दोघींच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, जिन्यावरच्या उघड्या फाटकाकडे पाहिलं.

"आई? तू खाली कशी? हिला कुणी... अगं, पट्टा कुठे आहे हिचा?"

चादर हवेत ताणलेली होती. एका टोकाला त्याची बायको, दुसऱ्या टोकाला त्याची आई, टाच टेकवलेली, भार अजून मागच्या पायावर.

"अहो, सरका बाजूला," सून म्हणाली. नजर कापडावरून न हलवता. "आईंना यायचंय."